पहिल्या हाकेला

उल्काताईंनी गंधारला सकाळपासून सातव्यांदा मारलं.

मुद्दाम नव्हे हो. लॅपटॉपच्या पडद्यावर पुन्हा लाल रंग सांडला, ठोकळ्याठोकळ्यांचा तो हाफपँटवाला मुलगा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पालथा पडला, आणि उल्काताईंच्या तोंडून निघून गेलं, "मेल्या, परत?" लगेच त्यांनी जीभ चावली. खेळातल्या मुलाचं नावही गंधारच होतं.

खेळ केलेला खऱ्या गंधारने, त्यांच्या मुलाने. बंगळूरची नोकरी सांभाळून चार वर्षं सुट्टीचे दिवस त्यात घातले. त्याच्या लहानपणी असायचे तसल्या जुन्या भुताच्या खेळांच्या धर्तीवर. चेहरे चौकोनी, पावलं जड, टॉर्चचे सेल मोजके, आणि अंधारात काहीतरी वावरतंय. एकट्या मुलाने घरातून जिवंत बाहेर पडायचं, एवढंच. मंगळवारी तो खेळ जगभर विक्रीला जाणार होता. पण शेवट सगळ्यांच्या आधी आईने बघायचा, असं त्याने बजावलं होतं. त्याचा फोन रविवारी पाचला यायचा. आज रविवारच होता आणि साडेतीन वाजून गेले होते.

अडचण अशी की खेळातलं घर हेच होतं. रत्नागिरीतलं, नाचण्याकडचं, चिऱ्याचं. पडवी, माजघर, मागलं दार, विहीर, सगळं जिथल्या तिथे. खेळ जिथवर आलाय तिथवर राखून ठेवायचा तर देवघरात दिवा लावायचा, आणि त्याला वाती फक्त तीन. आता देवघरात दिवा लागलेला नाही असं दिसल्यावर उल्काताईंचा हात थांबतो होय? पहिल्या पाच मिनिटांतच तिन्ही वाती संपायच्या. मग मेलं की पुन्हा जवळजवळ पहिल्यापासून. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण तीन वाती काही त्यांना पुरवता येईनात.

तरीही त्या मजेत होत्या. पूर्वी रविवारचा फोन दोन मिनिटांचा असे. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, एवढं झालं की उल्काताईंचं सुरू व्हायचं. गणपतीला येशील ना? येशील ना रे? नक्की ये हां. तिसऱ्यांदा विचारलं की तो "बघतो, ठेवतो" म्हणायचा, आणि पुढचा आठवडाभर घरात फक्त फ्रीजचा आवाज. चार खोल्यांत बाई एकटी, बोलणार कुणाशी? खेळ आला तसा फोन अर्ध्या तासावर गेला. कुठे अडकलीस, कुठलं बटण दाबलंस, सगळं तो न कंटाळता समजावून सांगे. त्यामुळे मरायचं त्यांना फारसं काही वाटत नसे.

आज मात्र शेवट गाठायचाच होता, शब्द दिला होता. बाकी सगळं जमायचं, पण स्वयंपाकघराशी घोडं अडायचं. तिथून हाक यायची, "गंधार, जेवायला ये." आवाज उल्काताईंचाच. कधीतरी फोनवरून त्याने टिपून घेतलेला. हाक आली की त्या ओ द्यायचं बटण दाबत आणि मुलाला आत नेत. आईने जेवायला बोलावल्यावर पोर जाणार नाही तर काय करणार? आत वाढलेलं ताट असे, आणि ताटापाशी जे बसलेलं असे, त्याला चेहरा नव्हता.

आठव्या खेपेला त्यांना आठवलं. तिन्हीसांजेला हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे त्यांनीच गंधारला लहानपणी शिकवलं होतं. माणूस तीनदा हाक मारतो, भूत एकदाच.

हाक आली तेव्हा उल्काताईंनी हात मांडीखाली दाबून धरला. दुसरी हाक आली नाही. मग त्यांनी मुलाला मागल्या दाराने काढलं, विहिरीला वळसा घातला आणि कुंपणाचं बेडं उघडून रस्त्यावर नेलं. पडदा काळा झाला. त्यावर एकच शब्द उमटला, 'सुटलास.'

त्या जिंकल्या होत्या. पण पोर सुटलं होतं ते आपल्याच हाकेतून.

पाचला फोन वाजला. शेवट बघितलास का, असं गंधारने पहिल्याच दमात विचारलं.

"नाही रे. स्वयंपाकघरातच अडकल्ये," उल्काताई चक्क खोटं बोलल्या.

त्याने पुन्हा सगळं समजावलं. वाती जपून वापर, ओ देऊ नकोस, मागल्या दाराची कडी आधी काढून ठेव. उल्काताई हं हं करत ऐकत राहिल्या. अर्धा तास झाला. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"एकच हाक का रे ठेवलीस? मी तर तीनदा मारते."

"तीनदा मारली असती, तर त्याचा पाय निघाला नसता आई."

उल्काताई बरं म्हणाल्या. मग नेहमीसारखंच त्यांनी विचारलं, गणपतीला येशील ना? बघतो, तो म्हणाला. पण त्याने फोन ठेवला नाही. दुसऱ्यांदा विचारतील म्हणून थांबला असावा.

उल्काताईंनी पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला, आणि त्या गप्प बसून राहिल्या.