न उमटलेली सही

शशिकलाताईंनी पुन्हा सही केली, पण कागदावर काही उमटलंच नाही. सही करणाऱ्याला मजकूर पुरता समजल्याशिवाय ही नवी पेनं शाईच सोडत नसत. वकील चारुलता गोडांबे वैतागल्या. सकाळपासून त्यांनी ते हक्कसोडपत्र चारदा सोपं करून लिहिलं होतं.

"ताई, वडिलांच्या घरातला तुमचा हिस्सा तुम्ही भावाला देताय. यात न समजण्यासारखं काय आहे?"

"ते समजलं हो," शशिकलाताई म्हणाल्या. "पण यानं तो मागितलाच कसा, तेच समजत नाही."

शेजारी बसलेला भाऊ मोबाइलमधून डोकं वर काढेना. चारुलतांनी कागद त्याच्यापुढे आपटला.

"हे काही मला सोपं करता येणार नाही. आता तुम्हीच समजावून सांगा."