गिधाडांसाठी राखलेला देह

"नको," केरसी सर म्हणाले आणि गोळी झरीनच्या तळहातावर परत ठेवली.

मणक्यात उतरलेला कर्करोग आता कूसही बदलू देत नव्हता. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी दोन महिने म्हटलं होतं. त्यातले पाच आठवडे संपले होते.

"पप्पा, अर्धी तरी घ्या."

"अर्ध्या गोळीने अर्धंच गिधाड मरतं का, डिकरा?"

अहेरीच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं इतिहास शिकवला. गावात पारशी घर हे एकच. फळ्यावर ते सिंधूपासून ग्रीसच्या समुद्रापर्यंत खडूची रेघ ओढत आणि म्हणत, एवढं सगळं आमच्या कुरुश आणि दारयवहू या सम्राटांचं. मग खांदे उडवत. "त्यातलं उरलं काय? आग, पाणी आणि माती विटाळायची नाही, एवढा नियम."

म्हणून देह जाळायचा नाही, मातीत पुरायचा नाही, पक्ष्यांना द्यायचा. झरीनची आई गेली तेव्हा तिला मुंबईच्या दख्म्यात, देह पक्ष्यांसाठी ठेवायच्या उघड्या मनोऱ्यात, नेलं होतं. वर आभाळात एकही गिधाड नव्हतं. गुरांना टोचलेलं दुखण्यावरचं औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात जाऊन गिधाडं संपली होती. तेच औषध या गोळीत होतं.

इथे मात्र अजून वीस-बावीस गिधाडं होती. गावाबाहेर जंगलखात्याने कुंपण घातलेल्या मैदानात मेलेली गुरं टाकत, तिथे ती उतरत. मैदानाचा राखणदार वारलू आत्राम हा सरांचा जुना विद्यार्थी. तो रोज दुपारी यायचा आणि रोज नाही म्हणायचा.

"गुरांची जागा हाय ते, सर. माणसाले तिथी ठेवलं तर माही नोकरी जाईन."

"मार्चमध्ये रिटायर होतोस ना? मी तोवर थांबतो."

"थांबा ना. मी कुठी घाई करून राह्यलो?"

"आमचे जुने लोक पोरांना तीनच गोष्टी शिकवत. आठवतं?"

"घोडा, बाण अन् खरं बोलणं. बाण मले येते. घोड्यावर कोनी बसूच देल्लं नाई."

"आणि खरं बोलणं?"

"सरकारी नोकरीत हाय ना मी, सर."

सर हसले आणि हसण्यानेच कळ उठली. त्यांनी पलंगाची कड धरली. झरीन एका बाजूला, वारलू दुसऱ्या बाजूला. दोघं नुसते उभे होते. कळ ओसरायला बराच वेळ लागला.

वारलूने गमछ्याने तोंड पुसलं. "नेतो, सर. जे होईन ते होईन." मग मेलेलं जनावर घेऊन येणाऱ्याला तो जे विचारायचा, तेच त्याने विचारलं. "औषध तर नाई ना देल्लं काई?"

"एकही नाही," सर म्हणाले. झरीननेही मान हलवली.

पुढचे तीन दिवस सर विव्हळत होते. झरीन परसात जाऊन कानांवर हात ठेवून बसायची आणि परत आत यायची.

चौथ्या दिवशी दुखणं उतरलं. सर उशीला टेकून बसले, कमरेच्या पवित्र दोऱ्याची, कुस्तीची, गाठ सोडून बांधली आणि प्रार्थना म्हटली. शेजारच्या बायनाबाई बघायला आल्या.

"पाहा बाई, तुमच्या देवानं ऐकलं."

"ऐकतो तो," सर म्हणाले. झरीन पेजेची रिकामी वाटी उचलून आत गेली. त्या दिवसापासून तिला पहिल्यांदा सलग झोप लागू लागली. एकदा ती बाजारातून परतली, तर सर आणि वारलू बोलता बोलता गप्प झाले.

वारलूने शब्द दिल्याच्या सोळाव्या दिवशी, सकाळी आठला सर गेले.

वारलू दोन गडी आणि बाज घेऊन आला. झरीन दारात आडवी उभी राहिली.

"मैदानावर नको."

वारलूने बाज अंगणात टेकवली.

"पप्पांना कबूल केलं होतं, माहीत आहे मला. तरी नको. का, ते विचारू नको."

"नाई विचारत, ताई. तिथी नेतच नाई आपण. माह्या वावरात खड्डा केला, बारा दिवस झाले. खालून, बाजूनं दगड लावले. सर म्हणे, कुरुश राजालेबी दगडातच ठेवलं होतं, मातीले विटाळ नाई."

"बारा दिवस?" तिने चौकट धरली. "पप्पांनी सांगितलं? का?"

वारलूने गड्यांना रस्त्यावर पाठवलं. मग खाली बघत म्हणाला, "तुम्ही पेजीत गोळी कुटून टाकली ना, सरांले पहिल्याच घासाले समजलं. मी म्हणलो, मंग काऊन खाता, सर? तर म्हणे, मी खाल्लं का पोरीले झोप लागते."