भुशातली कुस्ती

गाईंच्या मागे वेर्नरची कंबर कामातून गेली होती. "ज्या दिवशी मला भुशाच्या आखाड्यात पाठीवर पाडशील, त्या दिवसापासून गोठा तुझा," असं त्यानं आद्रियानला, आपल्या मुलाला, गावासमोर सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आमच्या एमेनटालच्या डोंगरावर बापलेक एकमेकांच्या गोणपाटी चड्डीची पकड घेऊन भिडायचे. पकड सुटल्यावर पाडलेलं धरत नाहीत. दर वर्षी बापच जिंकायचा. पोरगा बैलासारखा दांडगा, पण लोक म्हणत, म्हातारा चीजवर पोसलाय, हा मोबाइलवर.

यंदाही आद्रियान उताणा झाला. जिंकलेल्यानं हरलेल्याच्या पाठीवरचा भुसा झटकायचा, हा आमचा रिवाज. वेर्नर धापा टाकत मुलाची पाठ झटकू लागला.

"पंचांना दिसलं नाही," तो हळूच म्हणाला, "पण तू पडायच्या आधीच माझे दोन्ही हात सुटले होते."

"पाय घसरला, बाबा."

"दर वर्षी?"

आद्रियान वाकून चड्डीवरचा भुसा झटकू लागला.

"पुढच्या खेपेला तरी पाड रे. पहाटे धारा काढायला आता उठवत नाही मला."

"मला तरी कुठं उठवतंय, बाबा?"