किल्ल्यांचा जुडगा

“ब्रेक,” आई म्हणाली, आणि लेकीचा पाय हलायच्या आत तिने आपल्या बाजूचा ब्रेक दाबलासुद्धा.

गाडी ड्रायव्हिंग स्कूलची होती आणि स्कूल आईचं. त्यामुळे शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. सकाळपासून लेक गाडी नुसतीच चालवत होती, थांबवत होती ती आईच. विद्यापीठ एवढं अवाढव्य, की आत एक तळं होतं, टेकडी होती, स्वतःचं पोस्ट ऑफिस होतं. फक्त गाडी लावायला टीचभर जागा नव्हती. पार्किंगमध्ये सात-आठ गाड्या आशाळभूतपणे गोल गोल फिरत होत्या आणि एकमेकींकडे सवतीसारख्या बघत होत्या.

अकरा वाजता लेकीची पीएचडीची तोंडी परीक्षा होती. इतकी वर्षं शेवाळ्यामागे घालवल्यावर आता हा एकच तास उरला होता. परीक्षक बाहेरगावहून यायचे होते, आणि वेळेच्या बाबतीत त्यांचा मोठा दरारा होता. उशिरा पोचलेल्या एका उमेदवाराला त्यांनी म्हणे दारातूनच पुढच्या वर्षीची तारीख दिली होती.

“तू उतर आणि पळ. मी बघते गाडीचं,” आई म्हणाली.

“अजिबात नाही. शाळेच्या बक्षीस समारंभाला तू नव्हतीस, कॉलेजच्याही नव्हतीस. दर वेळी तुझा कुणीतरी शिकाऊ चौकात गाडी बंद पाडून बसलेला असायचा. आज तू पहिल्या रांगेत बसणार आहेस. त्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.”

आईला एकदम भरून आलं. तेवढ्यात तिचं लक्ष पुढे गेलं. एक मुलगी हातात किल्ली घेऊन चालली होती, आणि ही निघाली की जागा आपली, अशा हिशोबाने तीन गाड्या तिच्या मागून सरकत होत्या. मुलगी वळून सरळ कँटीनमध्ये शिरली. तिन्ही गाडीवाल्यांची तोंडं पडली आणि आईच्या डोक्यात ट्यूब पेटली.

“जागा वाढवता येत नाही ना? मग गाड्या कमी करू.” तिने पर्समधून घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि ती खाली उतरली.

घरी गॅसवर दूध ठेवून आलेल्या बाईसारखी ती लगबगीने निघाली. हातात किल्ल्या खुळखुळत होत्या, मधूनच ती घड्याळ बघत होती. एक गाडी मागे लागली. मग दुसरी, तिसरी. ग्रंथालयापाशी येईपर्यंत सगळी वरात तिच्यामागे होती. आईला हसू आवरेना. तिने त्यांना तळ्याला वळसा घालायला लावला, वसतिगृहांमागून नेलं. एकदा ती मुद्दाम बुटाची नाडी बांधायला थांबली, तर मागचे सगळे निमूट थांबले. इतके आज्ञाधारक विद्यार्थी तिला जन्मात मिळाले नव्हते.

खेळाच्या मैदानाशी रस्ता संपला. पुढे नुसतं कुंपण. तेवढ्यात फोन वाजला.

“आई, जागा मिळाली! एक गाडी निघाली आणि टपून बसलेलं कुणीच नव्हतं. मी हॉलमध्ये पोचलेसुद्धा. तू ये लवकर. नशीब, परीक्षक अजून आलेले नाहीत.”

आई उड्या मारायचीच काय ती बाकी होती. मागच्या पहिल्या गाडीची काच खाली आली. आत कोट घातलेले, घामाघूम झालेले एक गृहस्थ होते.

“बाई, तुमची गाडी आहे तरी कुठे?” ते अगदी काकुळतीला आले होते. “मला अकरा वाजता एका मुलीची परीक्षा घ्यायची आहे.”

आईने हातातल्या जुडग्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

“शेवाळ्याची?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“सरका तिकडे,” आई म्हणाली. या आवाजाला आजवर भले भले सरकले होते. परीक्षकही सरकले. वाटेत तिने सगळं कबूल केलं. ऐकता ऐकता त्यांना प्रत्येक वळणावर दोन्ही हातांनी सीट धरून ठेवावी लागत होती. अकराच्या ठोक्याला तिने त्यांना पायऱ्यांशी उतरवलं.

“तुम्ही पळा, सर. मी गाडी लावून आलेच.”

पण लावते कुठे? पुन्हा त्याच फेऱ्या सुरू झाल्या. शेवटी लेकीने आईला फोन लावला आणि तो चालूच ठेवून पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. आईने शेवाळ्याचा प्रत्येक प्रश्न ऐकला, लेकीचं एकूण एक उत्तर ऐकलं. टाळ्या वाजल्या तेव्हा ती स्टिअरिंगवर एकटीच रडत होती आणि हसत होती.

मग फोनवर परीक्षकांचा आवाज आला. “ताई, अभिनंदन. तुमची मुलगी डॉक्टर झाली. पण माझी गाडी?”

“लागलीच म्हणून समजा, सर,” आई म्हणाली. तिच्या पुढे बऱ्याच वेळापासून किल्ल्या खुळखुळवत चाललेले एक आजोबा आत्ताच बुटाची नाडी बांधायला थांबले होते, आणि त्यांच्या मागे तीही निमूट थांबली होती.