क्लॅरीच्या शेजारची खुर्ची

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटच्या वृद्धाश्रमात स्मृतिभ्रंश झालेली माणसं रोज सकाळी गोलात बसून व्यायामाचा चेंडू खेळत. ज्याच्याकडे टाकायचा, त्याचं आधी नाव घ्यायचं, एवढाच नियम. मर्लनं वर्षभर नवऱ्याचं, क्लॅरीचं, नाव घेतलं नव्हतं. तरी क्लॅरी आशेनं रोज समोर येऊन बसे.

"मर्लआजी, चेंडू उबवताय काय?" व्यायाम घेणारी लुसियाना म्हणाली. "पिल्लू नाही निघायचं त्यातून."

मर्ल हसली. "क्लॅरी," म्हणत तिनं चेंडू टाकला, पण त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"अगं, मी इकडे आहे," क्लॅरी म्हणाला.

चेंडू खुर्चीवर अधांतरी थांबला. मग नियमाप्रमाणे तिथून हाक आली, "मर्ल." आवाज क्लॅरीचाच होता. क्लॅरीचे ओठ मिटलेले होते.

मर्लनं चेंडू झेलायला त्या खुर्चीकडे दोन्ही हात पसरले.