आईचा निरोप

सॉफ्टवेअरने पुन्हा तेच सांगितलं: या फाइलचा कोडेक ओळखता येत नाही. व्हिडिओतला आवाज येत होता, पण चित्र काळंच राहत होतं. शेवटी शर्वरीने फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलली आणि आई दिसली, तसे शेजारी बसलेले बाबा पुढे सरकले.

आईबाबा दोघेही जन्मापासून कर्णबधिर. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आईने बाबांना खुणांच्या भाषेत हा निरोप पाठवला, आणि ती परत आलीच नाही. बाबांच्या फोनवर तो कधी उघडला नाही. आईचा फोन दवाखान्यातच हरवला. उरली होती पाठवताना लहान झालेली ही एकच फाइल.

आईचा चेहरा ओळखू येत होता, पण बोटं हलली की त्यांचे नुसते चौकोन होत होते. शर्वरीने एकेक फ्रेम तपासली. एकही शब्द लागेना.

"काय म्हणतेय ती?" बाबांनी हातांनी विचारलं.

"नाही कळत, बाबा," तिने खुणेनेच सांगितलं. "फक्त बांगड्या वाजतायत."

"कशा?" बाबांनी तळहात पुढे केला.

ती ऐकत ऐकत त्यांच्या तळहातावर बोटाने ठेका धरू लागली. बाबांनी डोळे मिटले. व्हिडिओ संपला, तरी त्यांनी हात मागे घेतला नाही.