फक्कीची रेघ

भीमाबाईने फक्कीचं पोतं ओढत अंगणात आणलं, तेव्हा मोजणीचा ड्रोन यायला जेमतेम तास उरला होता. सकाळी कोतवाल पोतं टाकून गेला होता. ज्याने त्याने आपापल्या घराभोवती या चुन्याच्या फक्कीची रेघ मारायची. रेघेच्या आतलं तुमचं, बाहेरचं सरकारी. एवढं सांगून तो गाडीला किक मारून मोकळा झाला.

वस्तीवर घरं चौदा, त्यातल्या तेरांना कुलपं. माणसं सगळी उसाला गेलेली, कुणी कोल्हापूरकडे, कुणी पार कर्नाटकात. गुडघे धरले म्हणून एकटी भीमाबाई मागे राहिली होती. ही वस्ती गावठाणात की गायरानात, हा घोळ तिच्या सासऱ्याच्या वेळचा. मधल्या काळात गाव या तालुक्यातून त्या तालुक्यात गेलं, परवा जिल्ह्याचं नावसुद्धा बदललं; घोळ जिथल्या तिथे. घराचा कागद एकाकडेही नव्हता.

तिने आपल्या घराच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि चार पावलांवर तिचा हात थांबला. पुढे लंकाबाईचं घर, त्याला लागून सविताचं. दोघींमधली बोळ कुणाची यावरून गेल्या पाडव्याला कोयते निघायचेच बाकी राहिले होते. तिथे रेघ कुठून न्यायची? तिने लेकाला, बजरंगला, फोन लावला. भर फडात तो फोन कसला उचलतोय. तीनदा वाजून बंद झाला.

एखादं घर रेघेबाहेर राहिलं तर? पोरंबाळं घेऊन परत येतील आणि म्हणतील, म्हातारे, तू हुतीस ना हितं?

गावाकडून घरघर ऐकू आली. मग तिने विचार करणंच सोडलं. पोतं कमरेशी धरून ती सगळ्या वस्तीच्या बाहेरून फक्की सांडत निघाली. गोठे, चुली, न्हाणीचे दगड, सगळं आत घेतलं. रेघेची दोन टोकं जुळली तेव्हा ड्रोन डोक्यावर होता.

मोजणीवाला तरुण होता, बोलायला गोड. त्याने मशीनवर बघितलं आणि विचारलं, आजी, एवढं मोठं घर कुणाचं? चौदा जणांचं, ती म्हणाली. तो म्हणाला, रेघ एक आहे, तर आज नावही एकच चढणार. पुढे वाटण्या करता येतील, फक्त ज्याचं नाव चढेल त्यानेच स्वतः ऑफिसात येऊन, कोणतं घर कुणाचं ते सांगायचं. नाव नाही दिलं, तर सगळं सरकारी.

एक घर चुकेल म्हणून भीमाबाई भ्याली होती, आता चौदाच्या चौदा तिच्या अंगावर आली होती.

"लिवा माजं नाव," ती म्हणाली. "पन समदी माघारी येईस्तवर मला मरून चालायचं न्हाई."